रॅम बदलल्यानंतर संगणक बंद पडणे

रॅम बदलल्यानंतर संगणक बंद पडणे ही संगणकात नवी रॅम बसविल्यानंतर किंवा असलेल्या रॅमच्या जोडीला आणखी एक पट्टी दिल्यानंतर उद्भवणारी बिघाडाची अवस्था होय. या अवस्थेत संगणक मुळीच सुरू होत नाही, सुरू होऊन मध्येच थिजतो, आपोआप पुन्हा सुरू होतो किंवा पडद्यावर त्रुटीसंदेश दाखवून काम सोडून देतो. बोलीभाषेत या प्रकारांना 'हँग होणे', 'रीस्टार्ट मारणे' किंवा 'निळा पडदा येणे' असे म्हटले जाते. सदोष रॅम असलेला संगणक बंद न पडताही चालू राहू शकतो आणि त्या काळात साठविलेली माहिती नकळत बदलू शकते. त्यामुळे अशा बिघाडाचे निदान करताना संगणक चालता करण्याच्या आधी माहिती सुरक्षित करणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

रॅम ही संगणकाची तात्पुरती स्मृती आहे. प्रोसेसर ज्या सूचना पाळतो आणि ज्या माहितीवर काम करतो, त्या दोन्ही गोष्टी आधी रॅममध्ये आणल्या जातात. डिस्कवरून वाचलेली फाइल, कळफलकावर टंकलेला मजकूर आणि खुद्द कार्यप्रणालीचा गाभा यांचा मुक्काम याच जागी असतो. डिस्कवर लिहिली जाणारी माहितीही बहुधा रॅममधूनच पुढे जाते. म्हणून रॅममधील दोष एखाद्या ठरावीक कार्यक्रमापुरता मर्यादित राहत नाही.

रॅममधील माहिती शून्य आणि एक या दोन अंकांत साठविली जाते. यांपैकी एका स्थानाला बिट म्हणतात. एखादा बिट आपोआप उलटला, तर परिणाम तो बिट कशाचा भाग होता यावर अवलंबून असतो. तो कार्यप्रणालीच्या सूचनेचा भाग असेल, तर संगणक तत्काळ बंद पडू शकतो. तो छायाचित्राचा भाग असेल, तर एखाद्या ठिपक्याचा रंग बदलेल आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. तो संख्येचा भाग असेल, तर संख्याच बदलेल. उदाहरणार्थ, ३५ ही संख्या द्विमान पद्धतीत ००१०००११ अशी लिहितात. यातील डावीकडून तिसऱ्या स्थानावरील एकाचा शून्य झाला, तर ००००००११ म्हणजे ३ उरतात. गुणपत्रकात असे घडल्यास उत्तीर्ण विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरेल आणि संगणक कोणतीही तक्रार न करता तो आकडा जतन करील.

लक्षणे

रॅम बदलल्यानंतर दिसणारी लक्षणे स्थूलमानाने तीन गटांत मोडतात.

पहिल्या गटात संगणक सुरूच होत नाही. पंखे फिरतात, दिवे लागतात, परंतु पडदा काळाच राहतो. अनेक मदरबोर्ड अशा वेळी ठरावीक क्रमाने बीप असा आवाज करतात किंवा त्यांवरील एक छोटा दिवा लावून ठेवतात. या खुणांचा अर्थ उत्पादकागणिक बदलतो, म्हणून तो त्या मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेतूनच पाहावा लागतो. डीडीआर५ रॅम असलेल्या संगणकांत मात्र पहिल्यांदा सुरू होताना रॅमच्या वेळेची जुळणी आपोआप केली जाते आणि तेवढा वेळ, काही वेळा कित्येक मिनिटे, पडदा काळा राहू शकतो. हा बिघाड नसतो. या काळात घाईने वीज बंद केल्यास जुळणी अपुरी राहते.

दुसऱ्या गटात संगणक सुरू होतो, पण पुढे कोसळतो. विंडोजमध्ये निळ्या पडद्यावर 'मेमरी मॅनेजमेंट', 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया' यांसारखे संदेश येतात. लिनक्समध्ये 'कर्नल पॅनिक' ही अवस्था येते. दर वेळी वेगळा संदेश येणे आणि दर वेळी वेगळ्या कार्यक्रमात बिघाड होणे ही सदोष रॅमची विशेष खूण मानली जाते. एकाच कार्यक्रमात एकाच ठिकाणी नेमका तोच संदेश येत असेल, तर दोष आज्ञावलीत किंवा एखाद्या ड्रायव्हरमध्ये असण्याची शक्यता अधिक असते.

तिसऱ्या गटात संगणक वरकरणी व्यवस्थित चालतो. मात्र संकुचित केलेल्या फाइली उघडताना त्या सदोष असल्याचा संदेश येतो, उतरवून घेतलेले कार्यक्रम बसत नाहीत, पूर्वी उघडणारी कागदपत्रे उघडेनाशी होतात. हा गट सर्वांत धोक्याचा होय, कारण दोष लक्षात येईपर्यंत बिघडलेल्या फाइलींच्या प्रती बॅकअपमध्येही पोहोचलेल्या असू शकतात.

कारणे

अपुरी बसवणूक : पट्टी स्लॉटमध्ये पूर्ण न दाबली जाणे हे नेहमी आढळणारे कारण आहे. पट्टी नीट बसल्यावर स्लॉटच्या टोकाची क्लिप खटका वाजून आपोआप मिटते. काही मदरबोर्डांवर एकाच टोकाला क्लिप असते. तेथे दुसरे टोक अर्धवट वर राहिल्याचे सहसा ध्यानात येत नाही.

पिढी किंवा विद्युतदाब न जुळणे : डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पिढ्या परस्परांच्या जागी चालत नाहीत. त्यांच्या पट्ट्यांवरील खाच वेगवेगळ्या ठिकाणी असते, त्यामुळे चुकीची पट्टी सरळ बसतच नाही. डीडीआर३ रॅमचा प्रमाण विद्युतदाब १.५ व्होल्ट, डीडीआर४चा १.२ व्होल्ट आणि डीडीआर५चा १.१ व्होल्ट आहे. डीडीआर३एल हा १.३५ व्होल्टवर चालणारा उपप्रकार आहे. त्याची खाच साध्या डीडीआर३सारखीच असते. काही लॅपटॉपना मात्र हा उपप्रकारच चालतो, म्हणून तेथे पट्टी बसते पण संगणक चालत नाही, असा प्रसंग येतो.

बेमेळ जोडी : क्षमता सारखी असलेल्या दोन पट्ट्यांचा वेग, वेळमान आणि त्यांवरील चिप यांत फरक असू शकतो. अशा पट्ट्या एकत्र लावल्यास मदरबोर्ड सहसा मंद पट्टीच्या वेगाने दोन्ही चालवितो. तथापि ही जुळवाजुळव दर वेळी यशस्वी होत नाही.

वाढीव वेग : रॅमच्या वेष्टनावर छापलेला वेग पुष्कळदा प्रमाण वेगापेक्षा अधिक असतो. तो मिळविण्यासाठी बायोसमध्ये इंटेलची एक्सएमपी किंवा एएमडीची एक्स्पो ही मांडणी चालू करावी लागते. ती चालू केल्यावर रॅम, मदरबोर्ड आणि प्रोसेसरमधील स्मृतिनियंत्रक हे तिन्ही त्या वेगाला पुरे पडावे लागतात. यांपैकी एक जरी कमी पडला, तरी एरवी निर्दोष असलेली पट्टी चुका करू लागते.

उत्पादनदोष व स्थिर विद्युत : नवी पट्टी मुळातच सदोष असू शकते. हाताळताना शरीरावरील स्थिर विद्युत पट्टीत उतरल्यानेही ती निकामी होते. माणसाला झटका जाणवण्यासाठी साधारणतः ३,००० व्होल्टचा विद्युतदाब लागतो. चिपला इजा होण्यास त्याहून पुष्कळ कमी दाब पुरतो. त्यामुळे झटका जाणवला नाही म्हणजे इजा झाली नाही, असे म्हणता येत नाही. हवा कोरडी असताना हा धोका वाढतो. कोकणच्या दमट हवेपेक्षा विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात त्याची अधिक काळजी घ्यावी लागते.

निदानाचा क्रम

निदानाचे मूळ तत्त्व असे की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहून मगच दुसरी बदलावी. एकाच दमात पट्ट्यांची अदलाबदल करून, बायोस अद्ययावत करून आणि ड्रायव्हरही नवे टाकल्यास संगणक कदाचित चालू लागेल. पण दोष कशात होता हे कळणार नाही आणि तो परत आल्यास सारा खटाटोप पुन्हा करावा लागेल.

पहिली पायरी म्हणजे काम थांबविणे. रॅमविषयी शंका असताना महत्त्वाच्या फाइली उघडून जतन करू नयेत आणि जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप चढवू नये. सदोष रॅममधून घेतलेला बॅकअप स्वतःच सदोष असू शकतो. डिस्क दुरुस्त करणारी साधने आणि कार्यप्रणालीची पुनःस्थापनाही या टप्प्यावर टाळावी, कारण दुरुस्तीचे साधनही त्याच रॅममध्ये चालते आणि चांगली नोंद चुकीची समजून तिच्यात फेरफार करू शकते.

दुसऱ्या पायरीत संगणक पूर्ववत केला जातो. विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आली. ती चालू असल्यास नेहमीच्या पद्धतीने बंद केलेल्या संगणकाच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते. म्हणून भाग बदलण्यापूर्वी शिफ्ट कळ दाबून धरून संगणक पूर्णपणे बंद करावा. त्यानंतर वीजजोडणीची पिन काढावी, कारण संगणक बंद असला तरी पिन लावलेली असेपर्यंत मदरबोर्डला अल्प वीज मिळत राहते. सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज संपवावी. लॅपटॉपमध्ये बॅटरीची जोडणीही सोडवावी लागते. हात कॅबिनेटच्या धातूच्या उघड्या भागाला लावून मगच नवी पट्टी कडांना धरून काढावी आणि जुनी बसवावी. जुन्या पट्टीवर संगणक पूर्वीसारखा चालू लागला, तर शंकेचा रोख नव्या पट्टीकडे किंवा दोहोंच्या जोडीकडे वळतो. महत्त्वाच्या माहितीची प्रत घेण्याची योग्य वेळ हीच होय.

तिसऱ्या पायरीत नवी पट्टी पुन्हा नीट बसवून पाहिली जाते. पट्टीचे सोनेरी संपर्कबिंदू खोडरबराने घासण्याची पद्धत संगणकदुरुस्तीच्या दुकानांत सर्रास आढळते. त्याने मळ निघतो खरा, पण सोन्याचा पातळ मुलामाही झिजतो आणि रबराचे कण स्लॉटमध्ये पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेले, धागे न सुटणारे कापड त्यापेक्षा सुरक्षित असते. पट्टी पूर्ण वाळल्यावरच बसवावी. चार स्लॉट असलेल्या बहुतेक मदरबोर्डांवर दोन पट्ट्या प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. माहितीपुस्तिकेत तसा उल्लेख असतो.

चौथ्या पायरीत बायोसमधील एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करून रॅम प्रमाण वेगावर आणली जाते. एवढ्याने बिघाड थांबला, तर पट्टी सदोष आहे असे लगेच ठरविता येत नाही. वेग एक-दोन टप्पे कमी ठेवून किंवा बायोसची नवी आवृत्ती घालून प्रश्न सुटू शकतो.

बायोसची मांडणी मूळपदावर आणण्यासाठी मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बटणासारखी बॅटरी काही मिनिटे काढून ठेवण्याची पद्धत आहे. त्यापूर्वी दोन गोष्टी तपासणे हिताचे असते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर मांडणी बदलल्यानंतर ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ मागितली जाऊ शकते; ती हाताशी नसल्यास डिस्कवरील माहिती कायमची दुरावते. तसेच डिस्कच्या नियंत्रकाची पद्धत बदलली गेल्यास 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' हा संदेश येतो. तो पाहून रॅमलाच दोष दिला जातो, पण मूळ मांडणी परत आणताच संगणक सुरू होतो.

पट्टी व स्लॉट यांची चाचणी

दोन पट्ट्या आणि दोन स्लॉट असल्यास एका वेळी एकच पट्टी लावून चार चाचण्या घेता येतात. पहिली पट्टी पहिल्या व दुसऱ्या स्लॉटमध्ये, आणि त्याचप्रमाणे दुसरी पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये तपासली जाते. निष्कर्ष पुढीलप्रमाणे काढतात.

एकच पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये चुका करीत असेल आणि दुसरी कोठेही करीत नसेल, तर पहिली पट्टी सदोष आहे.

दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये चुका करीत असतील, तर दोष स्लॉट, मदरबोर्ड किंवा प्रोसेसरच्या जोडणीत आहे.

चारही चाचण्या निर्दोष ठरल्या, पण दोन्ही पट्ट्या एकत्र लावताच बिघाड होत असेल, तर ती जोडी बेमेळ आहे किंवा तिचा वेग स्मृतिनियंत्रकाला पेलत नाही.

या चाचण्यांसाठी रॅम तपासणारा स्वतंत्र कार्यक्रम वापरतात. विंडोजमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' हे साधन अंगभूत असते. ते संगणक पुन्हा सुरू करून तपासणी करते आणि निकाल 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये नोंदविते. ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये लिहिलेला मेमटेस्ट८६ आणि त्यातून निघालेला मेमटेस्ट८६+ हे कार्यक्रम पेनड्राइव्हवरून थेट चालतात. कार्यप्रणाली सुरूच होत नसल्याने रॅमचा जवळजवळ सगळा भाग त्यांना तपासता येतो. हे कार्यक्रम रॅमच्या प्रत्येक कप्प्यात निरनिराळे नमुने लिहून ते जसेच्या तसे परत वाचले जातात का, हे पाहतात. मोठ्या क्षमतेच्या रॅमला एका फेरीसाठी काही तास लागू शकतात. काही दोष तापल्यानंतर किंवा विशिष्ट नमुन्यालाच दिसत असल्याने चाचणी रात्रभर चालू ठेवण्याची प्रथा आहे. वीज जाण्याची शक्यता असलेल्या ठिकाणी त्यासाठी यूपीएस लागतो.

निकालाचा अर्थ लावताना प्रमाण एकच आहे : चुकांची संख्या शून्य असली पाहिजे. लाखो कप्प्यांपैकी एकातच चूक सापडली म्हणून ती दुर्लक्षणीय ठरत नाही. याउलट एका फेरीत चूक न सापडणे हा रॅम निर्दोष असल्याचा पूर्ण पुरावा नव्हे.

नोंदींचे वाचन

विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद बहुतेक प्रत्येक अनपेक्षित बंद पडण्यानंतर आढळते. तिच्यातील 'पॉवर' या शब्दावरून एसएमपीएस बिघडला असा समज होतो आणि तो बदललाही जातो. वास्तविक ही नोंद संगणक या आधी रीतसर बंद झाला नव्हता एवढेच सांगते. कारण सांगत नाही. कारणाच्या शोधासाठी तिच्या आधीच्या काही मिनिटांतील नोंदी आणि निळ्या पडद्यावरील संदेश पाहावे लागतात. 'डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर' हा संदेश प्रोसेसर, रॅम किंवा मदरबोर्ड यांतील भौतिक दोषाकडे निर्देश करतो, तर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' हा बहुधा ग्राफिक्स कार्ड किंवा त्याच्या ड्रायव्हरशी संबंधित असतो.

रॅम निर्दोष असताना

बदललेल्या भागावर पहिला संशय घेणे योग्य असले, तरी बदल करताना कॅबिनेट उघडले गेले हेही विसरून चालत नाही. हात आत जाताना डिस्कची केबल सैल होणे, पंख्यात वायर अडकणे, ग्राफिक्स कार्ड स्लॉटमधून किंचित उचलले जाणे हे प्रकार वारंवार घडतात. पंखा अडकल्यास प्रोसेसर तापतो आणि संगणक काही मिनिटांनी बंद पडतो. जुनी पट्टी परत लावूनही बिघाड कायम राहिला, तर या गोष्टी आधी तपासाव्यात. एसएमपीएसच्या १२ व्होल्टच्या तारेवरील दाब ११.४ ते १२.६ व्होल्ट या मर्यादेत असणे अपेक्षित असते. जुन्या संगणकात हा दाब भार येताच ढासळत असेल, तर रॅम बदलण्याचा आणि बिघाडाचा काळ एकच असणे हा निव्वळ योगायोगही असू शकतो.

चुका सुधारणारी रॅम

रॅममधील चुका हा घरगुती संगणकापुरता प्रश्न नाही. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये चुका ओळखून त्या दुरुस्त करणाऱ्या संकेतपद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला. याच तत्त्वावर आधारलेल्या ईसीसी रॅममध्ये दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट साठविले जातात. त्यांच्या साहाय्याने एका बिटाची चूक आपोआप दुरुस्त होते आणि दोन बिटांची चूक निदान ओळखता येते. इंटेलमधील टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात चिपच्या वेष्टनातील किरणोत्सारी अंशांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवितात, असे दाखविले. गूगलच्या सर्व्हरांवरील अडीच वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाकाठी ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या. या चुकांचे प्रमुख कारण बाहेरून येणारे कण नसून पट्टीतील कायमचे दोष असावेत, असा त्याचा निष्कर्ष होता.

ईसीसी रॅम सर्व्हरमध्ये सर्रास वापरली जाते. घरगुती व कार्यालयीन संगणकांत ती क्वचितच असते. डीडीआर५ चिपमध्ये अंतर्गत चूकसुधारणेची सोय आहे, परंतु पट्टीपासून प्रोसेसरपर्यंतच्या मार्गातील चुकांना तिचा उपयोग होत नाही. त्यामुळे सामान्य संगणकात चूक झाल्याचे सांगणारी यंत्रणा नसते आणि संगणकाचे बंद पडणे हीच पहिली सूचना ठरते.

दुरुस्तीनंतर

सदोष पट्टी बदलून चाचणी निर्दोष ठरल्यावरही एक काम शिल्लक राहते. दोष असलेल्या काळात लिहिल्या गेलेल्या फाइली तपासाव्या लागतात. विंडोजमधील 'सिस्टम फाइल चेकर' हे साधन कार्यप्रणालीच्या फाइली मूळ प्रतींशी ताडून पाहते आणि 'चेक डिस्क' हे साधन डिस्कवरील मांडणी तपासते. ही साधने आता निर्धास्तपणे चालविता येतात. वापरकर्त्याच्या स्वतःच्या फाइलींसाठी असे साधन नाही. नवी पट्टी बसविल्याची तारीख ठाऊक असल्यास त्या तारखेनंतर बदललेल्या फाइली वेगळ्या काढून त्या आधीच्या बॅकअपशी किंवा कागदी नोंदींशी ताडून पाहता येतात. यासाठी भाग बदलल्याची तारीख, पट्टीचा अनुक्रमांक आणि ती कोणत्या स्लॉटमध्ये लावली याची नोंद करून ठेवणे उपयुक्त असते. पट्टीवरील उत्पादकाची चिठ्ठी काढल्यास हमी नाकारली जाऊ शकते, आणि हमीचा दावा करताना खरेदीची पावती व चाचणीच्या निकालाचे छायाचित्र उपयोगी पडते. जुनी पट्टी निर्दोष असेल, तर नवी पट्टी काही आठवडे व्यवस्थित चालेपर्यंत ती जपून ठेवावी. पुढील कोणत्याही शंकेच्या वेळी तिच्याशीच तुलना करावी लागते.